बावीस पेटारे आणि एक रविवार

भोपळ्यावर टिचकी मारली की तो खरं तेच सांगतो, असा इसाको कुरातानीचा अनुभव होता. माणसांच्या बाबतीत तिला तेवढी खात्री वाटत नसे.

कोबे बंदराला लागून असलेल्या हामासाकी कंपनीत ती एकोणिसाव्या वर्षी लागली, चहा द्यायला आणि कागदांवर शिक्के मारायला. आता तिला अठ्ठावन्नावं चालू होतं, आणि कंपनी परदेशातून जो भोपळा मागवायची तो तिच्याच शब्दावर यायचा. देठ किती सुकलाय, नख सालीत रुततं की घसरतं, जमिनीला टेकलेल्या बाजूचा पिवळा डाग किती गडद आहे, एवढं पाहून ती सांगायची की हा माल जहाजातले चार आठवडे तग धरेल की वाटेतच बसेल. न्यूझीलंड, मेक्सिको, टोंगा. तिचा पासपोर्ट शिक्क्यांनी भरला होता, पण त्यातल्या एकाही देशात ती शेताबाहेर फारशी कुठे फिरली नव्हती.

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी सकाळी साडेआठला ती गोदामात, नुकत्याच उघडलेल्या कंटेनरसमोर उभी होती. आतून थंड हवेचा झोत आला. त्याला सुक्या देठांचा, लाकडाचा वास होता. कुजका वास नव्हता. तिचे खांदे थोडे सैल झाले.

"ताई, यंदा भोपळे पाठवलेत की धोंडे?" निशिओ यंत्रावरूनच ओरडला. पेटारे उचलणारं ते यंत्र तो तीस वर्षं चालवत होता आणि तीस वर्षं त्याची तक्रार करत होता. "ऐका, बिचारं कसं कण्हतंय!"

"ते यंत्र नाही, निशिओ-सान. तुमची कंबर आहे."

"कंबर कण्हत नाही. ती सरळ शिव्या देते."

लाकडी पेटारे एकेक करून खाली उतरू लागले. कमरेइतके उंच, प्रत्येकात तीनेकशे भोपळे, गडद हिरवे, पाठीवर फिकट रेघा. प्रत्येक पेटाऱ्यावर आकडा आणि त्याखाली जाड काळ्या अक्षरांत नाव होतं: लोसे मोआला. टोंगाच्या मुख्य बेटावरच्या एका गावात लोसे आणि तिच्या शेजारणी मिळून भोपळा पिकवत. इतकी वर्षं त्यांचा माल दुसऱ्याच्या नावाने जायचा. पहिल्यांदाच पेटाऱ्यावर तिचं स्वतःचं नाव आलं होतं, आणि ते यावं म्हणून इसाकोने मालकांशी दोन वर्षं वाद घातला होता.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. निरोप लोसेचाच होता.

"इसाको, हे मी तुला जहाज सुटायच्या आधीच सांगायला हवं होतं. शेवटचे चार पेटारे, एकोणीस ते बावीस, घासून झालेले नाहीत. देठाच्या खोबणीत माती असेल. सोमवारची पहाट उजाडली, ट्रक दारात आला आणि आमचे हात अपुरे पडले. लाज वाटली म्हणून बोलले नाही. आज पेटारे उघडणार हे माहीत आहे. सकाळपासून घास उतरत नाहीये."

इसाकोने निरोप दोनदा वाचला. मग फोन उलटा करून हातात धरून ठेवला, जणू त्यातून काही सांडेल.

कीड निघाली तर मालाला धुरी देऊन सोडवता येतं. मातीला धुरी नाही. परक्या देशाची चिमूटभर मातीसुद्धा बंदराच्या आत येऊ देत नाहीत, हा या धंद्यातला पहिला धडा. आणि रोपं-फळं तपासणारे सरकारी अधिकारी सुगाई-सान दहा वाजता येणार होते.

सोमवारची पहाट. जहाज मुळात बुधवारी सुटणार होतं.

ते इसाकोला आठवायला नको होतं, पण आठवलं. नोव्हेंबरातला शुक्रवार होता. जहाज कंपनीने दिवस अलीकडे आणल्याचं कळलं तसा तिने घाईघाईने फोन लावला होता. "लोसे, बुधवार नाही, सोमवार. सकाळी कंटेनर बंदरात हवा. जमेल ना?"

पलीकडे शांतता पसरली. फार नाही, दोन श्वासांएवढी. मग लोसे म्हणाली, "हो इसाको. होईल."

त्या दोन श्वासांत एक आख्खा रविवार होता, हे इसाकोला कळायला हवं होतं. तिला ते माहीत होतं. सहा वेळा ती त्या गावात राहिली होती. रविवारी तिथे कुणी कुदळ उचलत नाही, दुकान उघडत नाही, विमानसुद्धा उतरत नाही. सकाळी प्रार्थनाघरातून चार सुरांत गाणं उठतं, ते शेतापलीकडे ऐकू जातं. जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर ठेवलेलं जेवण दुपारी उकरून काढतात, आणि मग सगळं गाव चटयांवर आडवं होतं. एका रविवारी वेळ जाईना म्हणून इसाकोने अंगणातले चार भोपळे पुसायला घेतले होते. लोसेच्या आईने काही न बोलता तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याजागी एक शहाळं दिलं.

तरीही त्या शुक्रवारी तिने विचारलं नाही. होकार आला, तिने कागदावर खूण केली आणि पुढचा फोन लावला. आपल्याकडे होकाराआधी माणूस थांबला तर तो नकार असतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कोबेतला घाऊक व्यापारी असा थांबला असता तर तिने पटकन माघार घेतली असती, आणखी दिवस मागून घेतले असते. परदेशातून आलेला होकार मात्र तिने जसाच्या तसा धरला. सोयीचा होता म्हणून.

"काय झालं?" निशिओने यंत्र बंद केलं. "चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

तिने सांगितलं. निशिओने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"अठरा पुढे लावतो," तो हळूच म्हणाला. "हे चार मागे, भिंतीकडे. सुगाई-सान काही प्रत्येक पेटाऱ्यात हात घालत नाहीत. चार-पाच बघतात. पुढचेच बघतात. त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत."

आपण नाही म्हणालो नाही, हे इसाकोच्या नंतर लक्षात आलं. निशिओने यंत्र सुरू केलं आणि पेटारे लावायला लागला. एक, दोन, तीन पुढे. एकोणीस भिंतीला. वीस त्याच्या शेजारी. इसाको पाहत राहिली.

नऊला मालक आले. हामासाकी तोकुजी, सत्तेचाळीस वर्षांचे, थोरल्या मालकांचे धाकटे चिरंजीव. हातात कॉफीचा डबा, काखेत शाळांच्या स्वयंपाकघरांची यादी. सोमवार हा वर्षातला सगळ्यात लहान दिवस. त्या दिवशी भोपळा खाल्ला की हिवाळाभर सर्दी शिवत नाही, म्हणून त्या दुपारी शहरातल्या सगळ्या शाळांच्या आणि वृद्धाश्रमांच्या ताटात भोपळा असतो. देशातला भोपळा तोवर संपलेला असतो. चौसष्ट स्वयंपाकघरांना हामासाकींनी शब्द दिला होता. गाड्या रविवारी पहाटे निघणार होत्या.

इसाकोने त्यांनाही सांगितलं. लपवायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण निशिओला माहीत होतं, आणि निशिओच्या पोटात काही राहत नसे.

मालकांनी कॉफीचा डबा एका पेटाऱ्यावर ठेवला. "एक तास आहे. ब्रश आणा. सगळे मिळून घासून टाकू. संपलं."

"माती खाली पडेल, मालक."

"मग झाडू."

"झाडून कुठे टाकू?"

"कुरातानी-सान," मालक दात आवळून म्हणाले, "चिमूटभर मातीसाठी तुम्ही चौसष्ट स्वयंपाकघरं रिकामी ठेवणार आहात का? बाई कुणाची होती? तुमची. कुणी आणली तिला? तुम्ही. वडिलांची वही कपाटात आहे. दुपारी काढा, आणि नेहमी करता तेच करा."

नेहमी करायची ते काम इसाकोला पाठ होतं. कपाटातल्या जाड वहीत माल पाठवणाऱ्या प्रत्येकाचं नाव होतं. एकदा ज्याचा माल अडला, त्याच्या नावावर लाल रेघ. थोरले मालक म्हणत, एकदा चुकतो तो दोनदा चुकतो. ती रेघ नेहमी इसाकोच मारायची, पट्टी लावून, शाई न फाकू देता. अशी तेवीस नावं होती. रेघेखालच्या नावाकडून कंपनीने पुन्हा कधी काही घेतलं नव्हतं, आणि अशा गोष्टी या बंदरात लपत नसत. इथे रेघ बसली की शेजारची कंपनीही फोन उचलत नसे. लोसेचं नाव यंदाच, सहा महिन्यांपूर्वी, तिच्याच अक्षरात त्या वहीत गेलं होतं.

ब्रश आणले गेले. मालकांनी कोट काढला. निशिओने एकोणिसाव्या पेटाऱ्याचं झाकण उघडलं, आणि इसाकोने वरचा एक भोपळा उचलला. देठाच्या बुडाशी, खोबणीत, तपकिरी-लालसर माती सुकून बसली होती. अंगठ्याच्या नखाएवढी. तिने ती ओळखली. पावसानंतर ती चपलांना अशी चिकटायची की काठीने खरवडावी लागे.

आणि तिला वडील आठवले. आवाजी बेटावरचं त्यांचं कांद्याचं शेत, आणि बांधावर ठेवलेली पाण्याची बादली. शेजाऱ्याच्या शेतात पाऊल टाकायच्या आधी वडील बादलीशी थांबून बुटांचे तळवे घासून धुवायचे. शेजाऱ्याने हाक मारली तरी. उशीर झाला तरी. आपल्या मातीत काय आहे ते आपल्यालाही पुरतं ठाऊक नसतं, म्हणायचे. दुसऱ्याच्या दारात ते नेऊन का ठेवायचं? एका वर्षी बेटावर कांद्याचा कुजवा रोग पसरला तेव्हा शेतं एकामागून एक पिवळी पडत गेली. तो कुणाच्या पायाने आला ते कधी कळलं नाही. वडील त्यानंतर दोन वर्षं जगले, आणि ती दोन वर्षं अधूनमधून विचारायचे, "मी त्या दिवशी बूट धुतले होते ना गं?"

इसाकोने भोपळा परत पेटाऱ्यात ठेवला. माती वरच्या बाजूला येईल असा.

"निशिओ-सान, हे चार पुढे घ्या."

"ताई—"

"दारापाशी. सगळ्यात पुढे. झाकणं उघडी ठेवा."

मालकांच्या हातात ब्रश तसाच राहिला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

"हो."

"माल परत गेला तर त्या बाईचं नाव गेलं. तुम्हीच पुसलेलं असेल."

निशिओ दोघांकडे पाहत बसला होता. मग त्याने यंत्राचा दांडा ओढला आणि पेटारे भिंतीकडून पुढे आणायला सुरुवात केली. मालकांनी त्याला थांबवलं नाही. ब्रश खाली ठेवून ते ऑफिसात निघून गेले. कॉफीचा डबा तिथेच राहिला.

दहाला पाच मिनिटं असताना सुगाई-सान आले. पन्नाशीचा, अंगाने बारीक, कमी बोलणारा माणूस. पांढरे हातमोजे, पांढरा ट्रे, गळ्यात भिंग. गुडघे खरंच वाईट होते; बसताना त्यांनी पेटाऱ्याचा आधार घेतला.

इसाको वाकून म्हणाली, "पाहायच्या आधीच सांगते. या चार पेटाऱ्यांत माती आहे. पाठवणारीने आज सकाळी स्वतः कळवलं. उरलेले अठरा घासलेले आहेत, असं ती म्हणते."

"असं ती म्हणते," सुगाई-सानांनी तेच शब्द परत उच्चारले. आवाजात टोमणा नव्हता, पण विश्वासही नव्हता. त्यांनी चिमट्याने एका देठाजवळची माती ट्रेवर उतरवली, भिंगाखाली धरली, एका काचेच्या कुपीत भरून बूच लावलं. मग बराच वेळ काही लिहिलं.

"हे चार जाळायला जातील," ते उठत म्हणाले. "बंद करून, सील लावून. त्यात चर्चा नाही."

"हो."

"आता अठरांचं. तुम्ही सांगितलं नसतं आणि मला माती सापडली असती तर मी इथेच थांबलो असतो, सगळा कंटेनर परत. तुम्ही सांगितलंत, म्हणून मी फरक करून पाहतो. पण नमुन्याने नाही. प्रत्येक भोपळा." त्यांनी भिंगाची दोरी सरळ केली. "अठरांतल्या एकाही भोपळ्यावर माती निघाली तर मग त्या बाईच्या शब्दाला अर्थ राहत नाही, आणि मला फरक करता येणार नाही. सगळं परत. चालेल?"

पाच हजार चारशे भोपळे. समुद्रापलीकडच्या एका गावातल्या बायकांचे पाच हजार चारशे वेळा फिरलेले ब्रश.

"चालेल," इसाको म्हणाली.

जमिनीवर पांढरं प्लास्टिक अंथरलं. निशिओ पेटारा आणून ठेवायचा, इसाको आणि पॅकिंगमधल्या दोन बायका भोपळे ओळीत मांडायच्या, देठ वर, आणि सुगाई-सान ओळीच्या कडेने सरकत जायचे. भिंग, ब्रशचं टोक, पांढरा ट्रे. पुढचा. इसाको त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, हाताकडे पाहत होती. ते कुठे थांबले की तिचाही हात थांबायचा.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत चार पेटारे झाले. शुक्रवारी आठ. तिची बोटं थंडीने सुजली, अंगठ्याला चीर पडली. निशिओ रिकामा बसला की बडबड करायचा.

"सुगाई-सान, लहानपणी आईने कान तपासले असतील ना तुमचे, असेच?"

"रोज," सुगाई-सान भिंगातून मान न काढता म्हणाले.

"मग बरोबर. सूड उगवताय."

पॅकिंगमधल्या बायका हसल्या. सुगाई-सानांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. इसाकोला हसू आलं नाही. तिला अकरावा पेटारा दिसत होता, बारावा दिसत होता, आणि त्यातला प्रत्येक भोपळा ज्या हातांनी घासला ते हात किती थकलेले असतील ते दिसत होतं. शुक्रवारी दुपारी तिने लोसेला फोन केला. सगळं सांगितलं, चार जळणार तेही. पलीकडे पुन्हा शांतता पसरली. यावेळी इसाको थांबली. शांतता संपेपर्यंत काही बोलली नाही.

"अठरांवर नाही निघणार माती," शेवटी लोसे म्हणाली. "शनिवारी आम्ही एकतीस जणी होतो. बाराचे ठोके पडले तेव्हा ब्रश खाली ठेवले. मग रविवार पाळला. पण तो नीट पाळला गेला नाही, इसाको. मी गाणं म्हणत होते आणि मनात पेटारे मोजत होते. रविवार संपला तशी मध्यरात्रीच उठून परत बसलो. पुरलं नाही."

"तू मला 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"तू मागितलंस. पहिल्यांदाच माझ्या नावाने मागितलंस."

इसाकोने फोन ठेवला तेव्हा सुगाई-सान बाराव्या पेटाऱ्याची वाट पाहत होते.

शनिवारी त्यांना खरं तर सुटी होती. ते आले. कारण सांगितलं नाही, जेवणाचा डबा घेऊन आले. तेरा, चौदा, पंधरा. दुपारनंतर मालकही खाली उतरले, बाह्या वर सारून भोपळे मांडायला बसले. गोदामाच्या दारातून दिसणारं पाणी राखाडी होत गेलं, मग दिवे लागले.

अठराव्या पेटाऱ्याच्या चौथ्या ओळीत सुगाई-सान थांबले.

नेहमीपेक्षा जास्त थांबले. भिंग जवळ नेलं. मग भोपळा उचलून दिव्याखाली नेला. देठाच्या बुडाशी एक तपकिरी ठिपका होता, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. इसाकोला तो सहा फुटांवरून दिसला. मालकांनाही दिसला, त्यांनी डोळे मिटून घेतले. निशिओने यंत्र बंद केलं, आणि एवढा वेळ ते चालू होतं हे त्या बंद होण्यानेच कळलं.

सुगाई-सानांनी चिमट्याने ठिपका उचलून ट्रेवर ठेवला. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. माती असती तर विरघळली असती, थेंब गढूळ झाला असता. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. दोन. पाच हजार भोपळ्यांनंतर हा. एकतीस बायकांनंतर हा एक दाणा.

थेंब स्वच्छ राहिला. सुगाई-सानांनी सुईच्या टोकाने दाणा चिरला. आत तो पांढुरका, भुसभुशीत होता.

"देठाची साल," ते म्हणाले. "वाळून सुटलेली."

आणि पुढच्या भोपळ्याकडे सरकले.

सव्वासातला त्यांनी कागदावर शिक्का मारला. ते बूट घालत असताना निशिओ त्यांना धरायला गेला, तर म्हणाले, "त्या बाईंना कळवा. घासणं चांगलं होतं." मग किंचित थांबून, "अठरांचं."

गाड्या भरायला माणसं आली तेव्हा मालकांनी इसाकोला वर ऑफिसात बोलावलं. टेबलावर वही उघडी होती, लोसेच्या नावाच्या पानावर. पट्टी आणि लाल पेन शेजारी.

"तुम्ही बरोबर केलंत, हे मी मान्य करतो," मालक म्हणाले. "सुगाई-सान आपल्याला विसरणार नाहीत. पण चार पेटारे जळाले. नियम तो नियम. वडील असते तर गुरुवारीच रेघ मारायला लावली असती."

इसाकोने पेन घेतलं. लोसेच्या नावाखालच्या कोऱ्या ओळीवर, सुबक अक्षरात, तिने लिहिलं: कुरातानी इसाको. पुढे नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारची तारीख. मग पट्टी ठेवून नावावरून लाल रेघ ओढली. शाई फाकली नाही.

"हे काय?"

"सोमवार मी मागितला. मध्ये रविवार येतो हे मला ठाऊक होतं, तिथे सहा रविवार काढलेत मी. ती थांबली, आणि मी विचारलं नाही. चूक त्या दिवशी झाली. तिच्या शेतात नाही, या टेबलावर."

"ही वही माल पाठवणाऱ्यांची आहे. मागवणाऱ्यांची नाही."

"म्हणूनच इतक्या वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही," इसाको म्हणाली.

खालून निशिओचा आवाज येत होता, कुणाला तरी पेटारा हळू ठेवायला सांगत होता, शिव्या घालत होता.

"तुमच्या नावावर रेघ मारल्यावर भोपळे कोण बघणार?" शेवटी मालकांनी विचारलं, थोडं चिडून.

"तेच तिच्याबद्दल विचारा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मागच्या पानांवरच्या तेवीस रेघा इसाकोच्या मनात एकेक करून येत होत्या. त्यांतल्या किती जण होकाराआधी थांबले होते? तिला आठवेना. तिने ऐकलंच नव्हतं तर आठवणार कुठून? मालकांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ते खणात टाकलं. लोसेचं नाव तसंच राहिलं. त्याच्याखाली इसाकोचं, रेघेसकट.

खाली येऊन तिने फोन काढला. लोसेचा नंबर समोर आला, अंगठा त्यावर गेला, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर पडली. आठ वाजून चार मिनिटं. टोंगाचं घड्याळ चार तास पुढे. तिथे बारा वाजून गेले होते, रविवार लागला होता.

बातमी चांगली होती. एक निरोप टाकला तर कुणाचं काय बिघडणार होतं? इसाको बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने फोन पिशवीत ठेवला.

रविवारी पहाटे गाड्या गेल्या. ती घरी आली, झोपली, उठली. एक भोपळा तिने स्वतःसाठी आणला होता. तो सावकाश कापला, सोया सॉस आणि साखर घालून मंद शिजवला, भांडी धुतली, खिडकीशी बसली. हात सारखे काहीतरी करायला शोधत होते. तिने ते मांडीवर ठेवले. आपण पूर्ण दिवस असं कधी बसलो होतो ते तिला आठवेना. दुपार जाता जाईना. तिकडे आता गाणं संपलं असेल. दगडांवरून जेवण निघालं असेल. चटया.

आठला दोन मिनिटं असताना तिने फोन हातात घेतला. आठ वाजले. एक मिनिट जाऊ दिलं, आणि नंबर लावला.

पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"इसाको?" लोसेचा आवाज जागा होता, पूर्ण जागा. मागे बायकांची कुजबूज ऐकू येत होती. मग तीही थांबली.

"अठरा सुटले," इसाको म्हणाली. "तुझं नाव आहे तिथेच आहे."

पलीकडे कुणीतरी रडायला लागलं, आणि कुणीतरी त्यावर हसलं. लोसे बराच वेळ बोलली नाही. इसाको ऐकत राहिली.

"कधी कळलं तुला?"

"काल. फोन हातात घेतला तेव्हा आठ वाजून गेले होते."

"आणि थांबलीस?"

"थांबले."

"कसा गेला रविवार?"

इसाकोने गॅसवरच्या पातेल्याकडे पाहिलं. उद्या वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता.

"लांब," ती म्हणाली. "फार लांब गेला गं."